सध्या काय ऐकायलात?

दोन माणसं रस्त्यात भेटली की एकमेकांना काय विचारतात, यावरून गाव ओळखता येतं. पुण्याला "काय म्हणता?" असं विचारतात आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच काहीतरी म्हणायला लागतात. मुंबईला काहीच विचारत नाहीत, कारण विचारेपर्यंत लोकल सुटते. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे २०२३ पर्यंतच्या औरंगाबादेत, वर्षानुवर्षं एकच प्रश्न चालत आला आहे : "पाणी आलं का?" लग्नाच्या मांडवात, गुलमंडीच्या गर्दीत, इतकंच काय पण एखाद्याला पोचवून परत येतानासुद्धा हा प्रश्न विचारला तर कुणी वावगं मानत नाही. या प्रश्नाला जात नाही, धर्म नाही, पक्ष नाही.

पण याच शहरात आम्ही चार-पाच माणसं अशी आहोत, की जी पाण्याचं नंतर विचारतात. आधी विचारतात, "सध्या काय ऐकायलात?"

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. 'ऐकायलात' हे आमच्या मराठवाडी वर्तमानकाळाचं रूप आहे आणि ते 'ऐकताय'पेक्षा जास्त भरीव आहे. 'ऐकतोय' म्हटलं की माणूस ऐकतो आहे, एवढंच कळतं. 'ऐकायलो' म्हटलं की तो सकाळपासून ऐकतो आहे, जेवायला दोनदा बोलावलं तरी उठलेला नाही आणि त्यावरून घरात बोलाचाली झालेली आहे, हे सगळं त्यात येतं.

आणि 'काय' म्हणजे शास्त्रीय संगीतच. त्यात राग आला, गाणारा आला आणि कुठली मैफल की कुठली तबकडी, हेही आलं. उत्तर द्यायचं ते तारेसारखं. "मन्सूर. शिवमत भैरव." किंवा "किशोरीताईंचा भूप, जुनी एल. पी." एवढ्यावर समोरच्यानं डोळे मिटून मान हलवायची असते. त्यानं मान हलवली नाही, तर एकतर त्यानं ते ऐकलेलं नाही किंवा त्याची मान धरलेली आहे, असं समजावं.

मी बँकेत क्लार्क आहे. माझं वाणिज्य शाखेचं शिक्षण, काउंटरची खिडकी आणि हे वेड यांचा एकमेकांशी काही संबंध नसावा अशी माझी इच्छा असते. पण गिऱ्हाईक ऐकत नाही. मागे एकदा पेन्शनच्या दिवशी आमच्यापैकीच एक गृहस्थ रांगेतून खिडकीशी आले. पासबुक पुढे सरकवता सरकवता म्हणाले, "सध्या काय चाललंय?" मी पासबुकात डोकं घालून म्हणालो, "बागेश्री." ते म्हणाले, "वा! कधीपासून?" मी म्हणालो, "एक तारखेपासून." ते समाधानानं गेले. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या मावशी पुढे आल्या आणि खिडकीत तोंड घालून हळूच विचारू लागल्या, "साहेब, त्या बागेश्रीत आमचेपण घाला की पन्नास हजार. म्हाताऱ्या माणसाला व्याज जास्ती आहे ना तिच्यात?"

बागेश्री हे मुदतठेवीला फार चांगलं नाव आहे, हे त्या दिवशी माझ्या लक्षात आलं. दरबारी म्हटलं की किमान शिल्लक मोठी लागणार, असं वाटतं. भैरवी नावाची योजना मात्र कोणी घेणार नाही. बँक बुडायला आली असं लोक समजतील.

आमच्या या प्रश्नाबद्दल सौभाग्यवतींचं मत वेगळं आहे. तिचं म्हणणं असं की, "तुम्ही लोक एकमेकांना विचारता ते काही उत्तर ऐकायला नाही. समोरच्यानं उलट तुम्हाला विचारावं म्हणून विचारता. ऐकणं कमी आणि सांगणं जास्त!" मी म्हणालो, "मग तू कधी काही सांगत नाहीस ती?" ती म्हणाली, "मला पोळ्या करताना दोन्ही हात लागतात, कान मोकळे असतात. मी ऐकते. सांगायला तुमच्यासारखा मोकळा वेळ नाही." या विधानावर मी अजून उत्तर शोधतो आहे.

आमची बैठक रविवारी संध्याकाळी समर्थनगरात मास्तरांच्या घरी, पुढच्या व्हरांड्यात भरते. मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, पोस्टमास्तर. आता निवृत्त. त्यांच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे. आधी बाकीची मंडळी.

पहिले आमचे हेडकॅशियर. नोटा मोजायचं यंत्र समोर असतानाही हे एकदा हातानं मोजतात आणि तालात मोजतात. त्यांचा सिद्धान्त असा, की शंभर नोटांच्या गड्डीला तीनताल चालत नाही. सोळा मात्रांची सहा आवर्तनं झाली की शहाण्णव नोटा होतात आणि चार नोटा वर लोंबकळत राहतात. बारा मात्रांच्या एकतालात आठ आवर्तनं केली तरी पुन्हा शहाण्णवच. सात मात्रांच्या रूपकात चौदा आवर्तनांनी अठ्ठ्याण्णव. झपताल मात्र दहा मात्रांचा. दहा आवर्तनांत शंभर नोटा अशा संपतात की रबरबँड नेमका समेवर बसतो. "रिझर्व्ह बँकेनं गड्डी शंभराचीच का ठेवली, याचा विचार केलाय का कुणी?" असं ते विचारतात. आम्ही केलेला नसतो.

हेडकॅशियरांना तबला प्रिय. "सध्या काय?" म्हटलं की "थिरकवाँसाहेब" हे उत्तर ठरलेलं. विलंबित ख्यालाशी त्यांचं वाकडं. अमीर खाँसाहेबांच्या संथ झुमऱ्याबद्दल त्यांचा शेरा असा : "नव्वद दिवस हप्ता आला नाही की आपण कर्ज थकीत धरतो. मग या समेला काय धरायचं?" घरी त्यांची पेटी आहे. आकाशवाणीवर १९४० ते १९७१ पर्यंत हार्मोनियमला बंदी होती, या गोष्टीचा त्यांना इतका राग आहे की जणू बंदीचा कागद त्यांच्याच पेटीवर चिकटवला होता. वास्तविक बंदी उठली तेव्हा ते दुपट्यात होते.

दुसरे चाचा. शहागंजच्या टॉवरजवळ त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आहे. एका डोळ्याला भिंग लावून ते मनगटी घड्याळाच्या पोटात बघत असतात आणि शेजारी फोनवर कुणीतरी खाँसाहेब बारीक आवाजात गात असतात. हातातलं काम न सोडता विचारतात, "क्या सुनरै साब आजकल?" त्यांचा ओढा जुन्या तबकड्यांकडे. एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावणाऱ्या त्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या, आणि त्यात अब्दुल करीम खाँ, फैयाज खाँ यांनी उभे केलेले राग. चाचा म्हणतात, "तीन मिनट में पूरा राग खड़ा करते थे वो लोगां. अब तीन मिनट में माइक टेस्टिंग बी नै होती."

घड्याळजी असल्यामुळे रागांच्या वेळेबद्दल चाचा अत्यंत कडक. सकाळी भैरव, मग तोडी, दुपारी सारंग, ऊन उतरताना मुलतानी, दिवेलागणीला मारवा-पूरिया, दिवे लागल्यावर यमन, आणि मालकंस-दरबारी रात्र चढल्यावरच. एकदा सकाळी दहाला मी त्यांच्या दुकानात उभा असताना माझ्या फोनची घंटी वाजली. घंटी म्हणून मी यमनची सतार ठेवलेली होती. चाचांनी भिंग काढलं, भिंतीवरच्या अकरा घड्याळांकडे पाहिलं आणि म्हणाले, "साब, आपका फोन नौ घंटे आगे चलरा."

त्यांचं खरं दुखणं वेगळंच आहे. २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि उघड्यावरच्या रात्रभराच्या मैफलींना कुलूप लागलं. एरवी रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. नियमात गैर काही नाही. परीक्षेला बसलेली मुलं आणि दमेकरी म्हातारे यांनाही झोप लागते. पण झालं काय, की मध्यरात्रीचे आणि पहाटेचे राग बेघर झाले. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेनांनी १९५३ साली सुरू केला. तिथे पूर्वी रात्री-रात्री जागून लोक सकाळ करायचे. आता दरबारी ऐकायचा तर संध्याकाळी आठला ऐकावा लागतो. चाचा म्हणतात, "दरबारी बेचारा ऐसा आता, जैसे बारात दुपहर कू आ गई और दूल्हा अब्बी सोरा."

तिसरा आमच्यातला तरुण. वाळूजच्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे आणि आम्हाला सरसकट 'काका' म्हणतो. हा युरोपातलं शास्त्रीय संगीत ऐकतो. "सध्या काय?" म्हटलं की "बाख, काका." पहिल्या दिवशी चाचांनी विचारलं, "इसका टाइम क्या है?" तो म्हणाला, "याला वेळ नसते चाचा, कधीही ऐका." चाचांनी त्याच्याकडे काटे नसलेल्या घड्याळाकडे बघावं तसं पाहिलं.

पण पोरानं चिकाटी सोडली नाही. त्यानं 'फ्यूग' समजावून सांगितला. एक आवाज एक ओळ घेऊन निघतो, तो थोडा पुढे जातो न जातो तोच दुसरा आवाज तीच ओळ वेगळ्या पट्टीत धरतो, मग तिसरा. आणि सगळे एकमेकांत गुंतून बरोबर शेवटाला पोचतात. हेडकॅशियर म्हणाले, "म्हणजे जॉइंट अकाउंट." मला मात्र बाख आवडला तो त्याच्या रजेच्या गोष्टीमुळे. १७०५ साली हा विशीतला पोरगा एका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या नोकरीत होता. बुक्स्टेहूड नावाच्या बुजुर्गाचं वादन ऐकायला म्हणून त्यानं चार आठवड्यांची रजा टाकली आणि सुमारे चारशे किलोमीटर चालत ल्यूबेक गाठलं. म्हणजे इथून मुंबईला पायी जावं आणि वर थोडं उरावं इतकं. रजा चार आठवड्यांची. गडी हजर झाला सुमारे चार महिन्यांनी. वरिष्ठांनी रीतसर जाब विचारला. तो कागद अजून शिल्लक आहे म्हणतात. आमच्या बँकेत कुणी रजा वाढवायची झाली तर आजी वारते. बाखनं निदान खरं कारण सांगितलं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ठीक आहे. पण मराठवाड्याच्या या कोरड्या मुलखात तुम्ही गाण्याच्या गप्पा मारता म्हणजे जरा जास्तच झालं. तर मंडळी, इथून पंधरा किलोमीटरवर देवगिरीचा किल्ला आहे. तिथे तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या पदरी शारंगदेव नावाचा गृहस्थ होता. त्याचे आजोबा काश्मिरातून दक्षिणेत आलेले. या शारंगदेवानं 'संगीतरत्नाकर' लिहिला. सात अध्यायांचा ग्रंथ आणि त्यात दोनशे चौसष्ट रागांची नोंद. आज हिंदुस्थानी आणि कर्नाटक असे दोन्हीकडचे पंडित भांडताना ज्या ग्रंथाचा आधार घेतात, तो आमच्याकडे लिहिला गेला. त्याच्या नावानं शहरातली महागामी ही संस्था समारोहही भरवते.

पण मला अभिमान वाटतो तो याहून वेगळ्या कारणानं. शारंगदेव दरबारात गवई म्हणून नव्हता. तो 'श्रीकरणाधिप' होता. म्हणजे राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख! आमच्याच खात्याचा माणूस! दिवसभर यादवांचे जमाखर्च तपासायचे आणि घरी येऊन राग मोजायचे. दोनशे चौसष्ट हा आकडा बघा. गवयानं 'असंख्य' लिहिलं असतं. अकाउंटवाल्यानं मोजून बेरीज लिहिली.

आणि ज्याच्या नावानं हे शहर इतकी वर्षं ओळखलं गेलं, त्या बादशहानं आपल्या दरबारातलं गाणं बंद केलं होतं. तो १७०७ साली गेला. तेव्हा तिकडे बाख बाविशीत होता. त्याला पुरलं खुलदाबादला, आणि तिथेच जवळ बुऱ्हानुद्दीन गरीब या चौदाव्या शतकातल्या सूफी संताचा दर्गा आहे. समा म्हणजे भक्तीचं गाणं ऐकण्याबद्दल ते प्रसिद्ध होते. शेजार निवडता येत नाही, हे बादशहालाही लागू.

असो. मास्तरांकडे येतो.

मास्तर ऐंशीचे आहेत. सगळी नोकरी मराठवाड्यात झाली. परभणी, बीड, हिंगोली, जिथे बदली तिथे ट्रान्झिस्टर. शनिवारी रात्री साडेनऊला आकाशवाणीचा शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम लागायचा. १९५२ पासूनचा तो कार्यक्रम. मास्तरांनी तो कधी चुकवला नाही. आणि पोस्टातला माणूस असल्यामुळे नोंद केल्याशिवाय काही आत घेतलं नाही. त्यांच्याकडे वह्या आहेत. उभ्या रेघा मारून रकाने पाडलेले : तारीख, राग, कलाकार, कुठे ऐकलं, शेरा. वहीच्या पाठीवर लिहिलंय, 'आवक'. शेरे पोस्टाच्या पद्धतीचे. 'उत्तम.' 'तबला मोठा.' 'अर्ध्यावर वीज गेली.' भीमसेनांच्या एका मैफलीपुढे फक्त 'पोचले' असं लिहिलेलं आहे.

तर गेल्या वर्षी असं व्हायला लागलं की, रविवारी आम्ही विचारावं, "मास्तर, सध्या काय ऐकायलात?" आणि मास्तरांनी म्हणावं, "मारवा." पुढच्या रविवारी, "मारवा." दिवाळी आली, "मारवा." संक्रांत झाली, "मारवा." हेडकॅशियरांनी तर व्हरांड्याबाहेर आम्हाला व्याख्यान दिलं, की याला म्हणतात श्रोता, वर्षभर एकच राग धरून बसायला तपश्चर्या लागते, तुमच्यासारखं नाही, आज बिहाग, उद्या बहार. चाचांना निदान वेळेचं समाधान होतं. संध्याकाळी सहाला मारवा, घड्याळाप्रमाणे.

उलगडा केला तो मास्तरांच्या सूनबाईंनी. औरंगपुऱ्यात भाजी घेताना त्या आमच्या हिला भेटल्या. म्हणाल्या, बाबांना वर्षापासून नीट ऐकू येत नाही. यंत्र आणलंय, त्यानं माणसाचं बोलणं कळतं. पण गाणं लावलं की ते यंत्र काढून टेबलावर ठेवतात. म्हणतात, तंबोरा पत्र्यावर पाऊस पडल्यासारखा वाजतो. डॉक्टर म्हणाले, यंत्र बोलणं ऐकण्यासाठी बनवलेलं असतं, गाण्याची त्यात गल्लत होते. आणि या वयात आधी जातात ते वरचे, बारीक आवाज. म्हणजे डग्ग्याची घुमक राहते आणि तंबोऱ्याच्या जवारीतली ती झिणझिण, जिच्यावर सगळं गाणं उभं असतं, ती नेमकी जाते. रेडिओ गेलं वर्षभर बंदच आहे.

आम्ही तिघंचौघं चाचांच्या दुकानात जमलो. खल सुरू झाला. हेडकॅशियरांचं मत, की तो प्रश्न आता विचारूच नये. गुडघ्यांचं विचारावं, नातवाचं विचारावं, पाणी आलं का विचारावं. इंजिनिअर म्हणाला, बेटहोव्हेनलाही ऐकू येत नव्हतं; १८२४ साली त्याची नववी सिंफनी पहिल्यांदा वाजली तेव्हा टाळ्या वाजतायत हे दिसावं म्हणून त्याला वळवून उभं करावं लागलं. चाचा बराच वेळ एका घड्याळाचं झाकण बसवत होते. मग म्हणाले, "घड़ी बंद पड़ी तो क्या टाइम बंद पड़ता साब? पूछना नक्को बंद करो."

घरी आल्यावर मी हिला विचारलं. ती म्हणाली, "त्यांचे कान गेलेत, गाणं गेलेलं नाही. विचारा. पण या वेळी उत्तर ऐका."

पुढच्या रविवारी मी मास्तरांच्या यंत्राकडच्या बाजूला बसलो आणि मोठ्यानं विचारलं, "मास्तर, सध्या काय ऐकायलात?"

"मारवा," मास्तर म्हणाले. मग आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहून हसले. "सूनबाईनं सांगितलं वाटतं. अरे, आतल्या आत चालू असतो. बाकीचे राग पुसट व्हायलेत, हा अजून स्पष्ट आहे. म्हणून तोच लावतो." इंजिनिअरनं हळूच बेटहोव्हेनचं सांगितलं. मास्तर म्हणाले, "त्याला लिहायचं होतं बाळ, म्हणून जमलं. मला ऐकायचंय." यावर कुणाला काही बोलता येईना. मग तेच म्हणाले, "माझं सोडा. तू सांग, तू काय ऐकायलास?"

मी म्हणालो, "अमीर खाँसाहेबांचा मारवा."

"सा कुठं लावला त्यांनी?"

आता मारव्याची गंमत ही, की त्यात सा हा हक्काचा स्वर असून त्याच्यावर लवकर टेकायचं नाही. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर फिरत राहायचं, पंचम तर वर्ज्यच. ऐकणारा सा-साठी तहानेला होतो आणि गाणारा त्याला ताटकळत ठेवतो. सूर्य बुडून गेलाय आणि दिवा अजून लागलेला नाही, असं काहीतरी वाटत राहतं. हे सगळं मला वाचून ठाऊक होतं. पण मिनिट, सेकंद? हा प्रश्न बी. कॉम.ला नव्हता.

त्या आठवड्यात मी तो मारवा कागद-पेन्सिल घेऊन ऐकला. दिवे मालवून, डोळे मिटून ऐकण्याची माझी जुनी पद्धत बंद, समोर घड्याळ. खाँसाहेब सा-च्या दारापर्यंत किती वेळा आले, किती वेळा उंबऱ्यावरून परत फिरले, खालच्या निषादावर किती थांबले, हे मी कॅशबुक लिहावं तसं लिहून काढलं. रविवारी वाचून दाखवलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते. मांडीवर एक बोट हळूहळू चालत होतं. मी "आणि आता सा" म्हटलं तेव्हा ते बोट थांबलं. मास्तर म्हणाले, "हां. बरोबर. असंच." थोड्या वेळानं म्हणाले, "रेडिओवर मी ऐकला होता, तेव्हा याहून जास्त थांबवलं होतं त्यांनी. बीडला होतो."

तेव्हापासून आमचं ऐकणं फार महाग झालं आहे. पूर्वी "वा, काय लावलाय!" एवढ्यावर भागायचं. आता रविवारी मास्तरांपुढे हिशेब द्यायचा असतो. हेडकॅशियरांना थिरकवाँची एक तिहाई समेवर कशी आली हे टाळी देऊन सांगता सांगता घाम फुटला. विलंबित झुमराही ते आता चौदा मात्रा मोजत शेवटपर्यंत ऐकतात. म्हणतात, वसुली उशिरा होते पण होते. चाचा एका तीन मिनिटांच्या तबकडीचं वर्णन वीस मिनिटं करतात. इंजिनिअरनं तर कमाल केली. त्यानं बाखच्या फ्यूगची तीन रंगांची रेघांची नक्षी कागदावर काढून आणली; कुठला आवाज कुठे शिरतो, कुठे वर जातो, सगळं दिसायला. मास्तरांनी चष्मा पुसून तो कागद नीट पाहिला आणि म्हणाले, "हे तर सोपं आहे. एकाच रस्त्यानं थोड्याथोड्या वेळानं सुटलेल्या तीन टपालगाड्या. वाटेत एकमेकींना कुठेही धडकत नाहीत. कोण म्हणालास हा? पोस्टात होता का?"

परवा मास्तरांनी वही काढली. आम्हाला वाटलं, जुनं काही दाखवणार. पाहतो तर वर्षभर कोऱ्या राहिलेल्या पानांनंतर नोंदी पुन्हा सुरू झालेल्या. रकाने तेच, फक्त 'कुठे ऐकलं' या शब्दांवर काट मारून वर लिहिलं होतं 'मार्फत'. ज्याचा स्वतःचा पत्ता नसतो त्याचं पत्र दुसऱ्याच्या मार्फत येतं, तसं. 'मारवा, अमीर खाँ, मार्फत बँकवाले.' 'भैरवी, अब्दुल करीम खाँ, मार्फत चाचा.' मी आधी माझा शेरा पाहिला. 'मोजमाप चोख. भाव कमी.' हेडकॅशियरांना 'आवाज मोठा' होता. चाचांच्या नोंदीपुढे 'वेळेवर', आणि इंजिनिअरच्या पुढे 'नवीन मार्ग. चालू ठेवावा.'

शेवटची नोंद मात्र आमच्यापैकी कुणाचीच नव्हती. गेल्या बुधवारी ही सूनबाईंकडे लोणच्याची बरणी द्यायला गेली होती, तेव्हा मास्तरांनी तिलाही विचारलं होतं म्हणे. ती तिथे उभ्याउभ्याच काहीतरी बोलून आली. काय बोललीस, म्हणून मी विचारलं तर मला सांगत नाही. वहीत एवढंच आहे : 'भूप, किशोरीताई, स्वयंपाकघर, मध्ये कुकरच्या दोन शिट्ट्या. मार्फत बँकवाल्यांच्या घरून.'

शेरा : 'पोचले.'

हेडकॅशियर तो शेरा बघून दोन दिवस झाले, नोटा यंत्रावरच मोजतायत.